घर घ्यायचं आणि वाऱ्यावर घरी न्यायचं

जमिनीवरचं घर घेतलं की सामान ट्रकमध्ये भरून आपण घराकडे जातो. शिडाच्या बोटीत संसार थाटणाऱ्यांना मात्र घरच आपल्या गावी आणावं लागतं. मनासारखी आणि खिशाला परवडणारी बोट सापडते भलत्याच देशातल्या बंदरात. सह्या होतात, किल्ल्या हातात येतात आणि मग समोर पाणी. कुठलं बटण कशाचं हेही नीट ठाऊक नसताना तिला शेकडो, कधी हजारो मैल हाकत आणायचं! जगभरचे शिडवाले रंगात येऊन सांगतात त्या गोष्टी बहुतेक या पहिल्या प्रवासाच्याच असतात. त्यातली सर्वात भारी गोष्ट सुरू होते आपल्या मुंबईत.

मागवलं एक, आलं दुसरंच

१९६० च्या दशकाची सुरुवात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. मुंबई हे त्याचं कामाचं बंदर. मित्रांबरोबर त्याने ठरवलं, की बोट इथेच बांधून घ्यायची आणि तिच्यातूनच मायदेशी जायचं. आराखडा टपालाने मागवला. पाकीट उघडलं तर आत वेगळ्याच बोटीचा आराखडा! विल्यम अॅटकिन या अमेरिकन रचनाकाराची 'एरिक' नावाची जुन्या वळणाची बोट, नॉर्वेच्या बचावनौकांवर बेतलेली. वेळ हातात नव्हता, म्हणून तीच बांधायला घेतली.

मुंबईच्या सुतारांनी भारतीय सागवान वापरून ती घडवली. हत्यारं म्हणजे वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता. डिसेंबर १९६४ मध्ये नाळेवर नारळ फुटला आणि ३२ फुटी 'सुहैली' पाण्यात उतरली.

वर्षभराने, डिसेंबरात, नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक रेडिओ अधिकारी असे तिघे निघाले. डिसेंबरच का? कारण हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येचे वारे वाहतात आणि आफ्रिकेकडे जाणाऱ्याला ते मागून ढकलतात. आपल्या किनाऱ्यावरची गलबतं शतकानुशतकं याच हंगामात त्या बाजूला जात आली. मस्कत, मग आफ्रिकेचा पूर्व किनारा, मग दक्षिण आफ्रिका. तिथे पैसे संपले! काम करून कमाई केली आणि पुढचा टप्पा धरला. केपटाऊन ते लंडन, कुठेही न थांबता ७४ दिवस.

या प्रवासाचं मोल नंतर कळलं. बोटीची एकेक कुरकुर ओळखीची झालेली होती. म्हणून १४ जून १९६८ रोजी तो हीच बोट घेऊन एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत निघाला. वाटेत बुडातून पाणी यायला लागलं, तेव्हा भर समुद्रात स्वतः पाण्यात उतरून त्याने फळ्यांची फट कापसाने बुजवली. सुकाणू आपोआप धरणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचं मोडलं, तर पुढे शिडं तोलून बोट सरळ ठेवली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, तो फाल्मथ बंदरात परतला. एकट्याने, न थांबता पृथ्वीला फेरी मारणारा जगातला पहिला माणूस! त्या शर्यतीत नऊजण उतरले होते, पोहोचला हा एकटा. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. बोट मुंबईच्या सुतारांनी घडवलेली, हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ असायला हवं.

आणखी एक मजा. पुढे 'सुहैली' ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली, तर तिथल्या कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसायला लागल्या. लाकडी बोट पाण्यात असली की फळ्या फुगून सांधे घट्ट मिटतात, हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला सांगावं लागत नाही. मालकाने तिला बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि परत पाण्यात सोडलं. २०१८ साली त्या शर्यतीची पन्नाशी साजरी करणाऱ्या नव्या शर्यतीत कमांडर अभिलाष टॉमी उतरले ते 'थुरिया' घेऊन. 'सुहैली'चीच ही प्रतिकृती गोव्यात बांधलेली होती.

आणि ही उलट्या दिशेची

'सुहैली' मुंबईहून इंग्लंडला गेली, तर 'तृष्णा' इंग्लंडहून मुंबईला आली. आपल्या लष्कराच्या अभियंता दलाला जगप्रदक्षिणा करायची होती. त्यांनी नवी बोट बांधली नाही. फिनलंडमध्ये तयार झालेली ३७ फुटी बोट त्यांनी इंग्लंडमध्ये चक्क सेकंडहँड घेतली आणि समुद्रातूनच घरी आणली. हाच त्यांचा सराव! २८ सप्टेंबर १९८५ ला ती मुंबईहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ ला पृथ्वीला वळसा घालून मुंबईतच परतली. शिडाच्या बोटीतून झालेली ही पहिली भारतीय जगप्रदक्षिणा. टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं.

कुरणात पडलेली बोट

फुकटात मिळालेल्या बोटींचा मुकुटमणी म्हणजे 'स्प्रे'. जोशुआ स्लोकम या निष्णात पण बेकार कप्तानाला एका ओळखीच्या म्हाताऱ्या कप्तानाने जहाज देऊ केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला जाऊन पाहतो तर एका कुरणात, पाण्यापासून लांब, कापडाखाली एक कुजका सांगाडा! स्लोकम हटला नाही. जवळचंच ओकचं झाड तोडून नवा कणा घातला, एकेक फळी बदलली. तेरा महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट, हा त्याने स्वतः लिहून ठेवलेला हिशेब. पावणेसदतीस फुटांच्या या बोटीतून तो १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने जगभर फिरला. असं करणारा तोच पहिला.

'स्प्रे' तोलाला इतकी पक्की होती, की थर्सडे बेटापासून कोकोस बेटांपर्यंतच्या २३ दिवसांत, २,७०० मैलांत, स्लोकमने सुकाणूला जेमतेम तीन तास हात लावला. आणि त्याला पोहता येत नव्हतं.

टकटक

आजच्या काळात बोट घेताना सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे छोटी प्लॅस्टिकची हातोडी. सौदा तोंडी ठरला, बयाणा दिला, की बोट क्रेनने पाण्याबाहेर काढतात आणि तपासनीस येतो. त्याला नेमायचं आणि त्याचे पैसे द्यायचे ते घेणाऱ्याने. तो बुडाला कान देत वीतवीत अंतरावर हातोडी मारत जातो. टण्, टण्, टण्... फायबरग्लास धडधाकट आहे. मध्येच आवाज 'भद' असा आला की तो थांबतो, खडूने गोल करतो. तिथे थर सुटलेत किंवा आत पाणी मुरलंय. मग वर डेकवर तोच उद्योग. कित्येक बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांत बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं. एखाद्या ढिल्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी झिरपून ते आतल्या आत लगदा होतं आणि वरून रंग मात्र झकास दिसतो.

जाणकार गिऱ्हाईक आणखी एक गोष्ट करतं. पोहोचल्या पोहोचल्या इंजिनावर तळहात ठेवतं. इंजिन गरम लागलं तर समजायचं, की थंड असताना ते कुरकुरतं म्हणून मालकाने आधीच चालू करून ठेवलंय.

जुन्या बोटीला घाबरू नये, असं मला मनापासून वाटतं. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट प्रदर्शनात 'पिअर्सन ट्रायटन' ही २८ फुटी बोट आली आणि फायबरग्लासचा जमाना खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्या काळी बांधणारे हात राखून काम करत नसत, भरपूर जाड थर देत. म्हणून तेव्हाच्या कित्येक बोटी आजही ठणठणीत आहेत.

डोलकाठीखालचं नाणं

डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाशी नाणं ठेवायची रीत आजही शिडवाले पाळतात. किती जुनी? १९६२ साली लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ थेम्सच्या गाळात एक रोमन जहाज सापडलं. त्याच्या डोलकाठीच्या खाचेत सम्राट डोमिशियनचं नाणं होतं आणि त्याच्या मागच्या बाजूवर हातात सुकाणू घेतलेली भाग्यदेवता फोर्तुना. म्हणजे किमान अठराशे वर्षं!

बोटीचं जुनं नाव बदलणं अपशकुनाचं, असं पाश्चात्त्य खलाशी मानतात. बदलायचंच तर जुनं नाव लिहिलेली प्रत्येक वस्तू बोटीवरून उतरवायची, समुद्रदेवाची क्षमा मागायची, त्याला मद्याचा घोट वाहायचा आणि मगच नवं नाव. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्या आपल्या कोळीवाड्यांना यात नवल वाटणार नाही.

टाकीतला गाळ

नवी घेतलेली जुनी बोट भर समुद्रात बंद का पडते? कारण बहुतेक वेळा एकच. वर्षानुवर्षं धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीच्या डिझेलच्या टाकीत तळाशी गाळ बसलेला असतो. बंदरात इंजिन मस्त चालतं. पहिल्याच खवळलेल्या समुद्रात टाकी घुसळून निघते, गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन गप्प होतं, तेही नेमकं खडकांजवळ. उपाय स्वस्त आहे. निघण्यापूर्वी टाकी साफ करायची आणि जादा फिल्टर जवळ ठेवायचे. आणि बुडाला पाइपासाठी जितकी भोकं, तितके लाकडी शंकू, प्रत्येक भोकाजवळ एकेक बांधून. नळ तुटला तर शंकू ठोकायचा.

सायकलचा वेग

बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. ३० फुटांना आलं सात नॉटच्या थोडं वर. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे हा झाला निवांत सायकलस्वाराचा वेग, आणि तोही कमाल. बेत आखताना पाच नॉट धरायचे. दिवसरात्र चाललं तर २४ तासांत १२० सागरी मैल. मुंबई ते गोवा जवळपास सव्वादोनशे मैल, म्हणजे दोन दिवस.

समुद्र टाळूनही बोट घरी नेता येते. अमेरिकेत ट्रकवरून नेतात, पण साडेआठ फुटांहून रुंद बोटीला खास परवाना लागतो. फ्रान्समध्ये तर डोलकाठी आडवी करून बोट नद्या-कालव्यांतून थेट भूमध्य समुद्रात उतरवतात. एकट्या बर्गंडी कालव्यावर २४२ किलोमीटरांत १८९ जलद्वारं आहेत आणि डोंगराखालून जाणारा तीन किलोमीटरांवर लांब बोगदासुद्धा! दोन्ही काठांना द्राक्षमळ्यांचा मुलूख. मला विचाराल तर घरी येण्याची याहून देखणी वाट नाही.

नांगर आणला शास्त्रज्ञाने

जगभरच्या राहत्या बोटींच्या नाळेवर वर्षानुवर्षं दिसणारा नांगराच्या फाळासारखा 'सीक्यूआर' नांगर केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये आणला. प्रवाही पदार्थांच्या अभ्यासात ज्यांचं नाव आजही आदराने घेतात, तेच हे टेलर. ते स्वतः हौशी शिडवाले. पूर्वीचे नांगर वजनाच्या जोरावर बोट धरून ठेवत. हा जितका ओढाल तितका खोल रुततो, त्यामुळे कमी वजनात काम भागतं.

दुसरा जुगाडू माणूस म्हणजे फ्रेंच खलाशी बर्नार मॉतेसिए. त्याची पोलादी 'जोशुआ' समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात घडली आणि तिच्या डोलकाठ्या म्हणजे टेलिफोनच्या तारांचे खांब होते.

कॉलेज की बोट?

न्यूयॉर्कची तानिया एबी अठरा वर्षांची होती. वडील म्हणाले, कॉलेज घे किंवा बोट घे, पण बोट घेतलीस तर तिच्यातून जगाला फेरी मारायची. तिने बोट घेतली. २६ फुटी 'वरुणा', हो, आपल्याच वरुणदेवाच्या नावाची! मे १९८५ मध्ये ती निघाली तेव्हा एकटीने बोट चालवायचा अनुभव जवळपास नव्हता. नोव्हेंबर १९८७ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली तेव्हा एकविसाची होती.

वरचे आकडे जरा एका रांगेत ठेवून पाहा: २६, ३२, पावणेसदतीस, ३७ फूट. यांतल्या प्रत्येक बोटीने पृथ्वीला फेरी मारली आहे. पहिली बोट घेताना विकणारा ४५ फुटांचं मोठं स्वयंपाकघर दाखवेल. भुलू नका. लांबी वाढली की शीड, दोर, नांगर, रंग, बंदराचं भाडं, सगळं वाढतं आणि एकट्याच्या ताकदीबाहेर जातं.

पट्टा वर सरकतो

बोट घरी आली, माणसं राहायला आली, की ती खाली बसू लागते. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो. वर डिझेल, बॅटऱ्या, साखळी, पुस्तकं, भांडीकुंडी, तांदूळ. बोटीच्या अंगावर पाण्याच्या रेघेशी रंगाचा एक पट्टा असतो. तो बुडाला की त्यावर शेवाळ धरतं. म्हणून एक-दोन वर्षं राहून झाली, की शिडवाले बोट बाहेर काढतात, जुना पट्टा घासून टाकतात आणि चार बोटं वर नवा रंगवतात. धक्क्यावरून चालताना बोटींचे पट्टे बघत जा. ज्या बोटीवर वरचा पट्टा नवा आणि खाली जुन्याची पुसट खूण दिसेल, तिच्यात कोणीतरी राहतंय.