बांधावरचा तंटा

मनोरच्या आसपास पावसाळ्यात भाताची खाचरे भरलेली दिसतात. दोन खाचरांच्या मध्ये बांध असतो. बांध पाणी अडवतो, माणसाला वाट देतो, गुराला गवत देतो. माझे कोठे संपले नि तुझे कोठे लागले, हेही तोच सांगतो. पण याच बांधावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात, शेजारी शेजाऱ्यावर कोयता उगारतो. हे कसे टाळावे ते आपण पाहू.

बांध सरकतो कसा?

बांध एका रात्रीत सरकत नाही. नांगराचा फाळ त्याला घासतो. बांध तासताना चार बोटे माती इकडे ओढली जाते. पावसात फुटलेला बांध पुन्हा घालताना थोडा हलतो. कधी हे मुद्दाम होते, कधी नकळत.

आता हिशेब करू. 33 फूट लांब नि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा. गुंठ्याचे आणे सोळा. बांध 330 फूट लांब आहे आणि तो दरसाल 3 इंच सरकतो, असे धरा. वर्षाला जमीन जाते सुमारे सव्वा आणा. एवढ्यासाठी डोके फोडायचे काय? नाही. पण गप्पही बसायचे नाही. कारण 12 वर्षांत साडेचौदा आणे, म्हणजे जवळजवळ गुंठाभर जमीन जाते. शिवाय 1963 च्या मुदतीच्या कायद्यात एक गोष्ट आहे. दुसऱ्याची जमीन कोणी उघडपणे, स्वतःची म्हणून, सलग 12 वर्षे वापरली नि मालक स्वस्थ बसला, तर ती परत मागण्याचा मालकाचा हक्क बुडू शकतो.

म्हणून भांडू नये, पण वेळेवर बोलावे.

आधी काय करावे?

आधी शेजाऱ्याशी बोला. दोघांनी मिळून हद्दीचे दगड शोधा. हे दगड सांभाळणे शेतकऱ्याचेच काम आहे. मुद्दाम दगड उपटला तर दंड होतो. गावातले दोन जाणते पंच बरोबर घ्या. कुंपण किंवा वई घालायची असेल, तर हद्द ठरल्यावरच घाला.

पुष्कळ लोक सातबारा दाखवून भांडतात. पण सातबारा नाव आणि क्षेत्र सांगतो. रेघ कोठून जाते, ते नकाशा सांगतो.

मोजणी

बोलून जमले नाही, तर पालघरच्या भूमी अभिलेख कचेरीत मोजणीचा अर्ज द्या. फी भरून पावती घ्या. मोजणीची तारीख शेजाऱ्यांना नोटिशीने कळवतात. त्या दिवशी दोघांनीही हजर राहावे. शेजारी आला नाही, तर भांडण पुढे शिल्लक राहते. भात कापल्यावर मोजणी केलेली बरी. शेत मोकळे असते, खुणा दिसतात.

मोजणी पटली नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजून घेता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. पण ध्यानात ठेवा, मोजणीदार हद्द दाखवतो. बांध फोडून ताबा देणे त्याचे काम नाही. तो आपणही स्वतःच्या हाताने फोडू नये.

वाट अडवली तर?

शेजाऱ्याने वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा पाट अडवला, तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो. यासाठी 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. मात्र अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत गेले पाहिजे. चालढकल केली की हा मार्ग बंद होतो.

समेट कागदावर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपली वडीलमाणसे सांगत आली. चढावी लागलीच, तरी लोकअदालतीत समेट करता येतो. त्याला फी पडत नाही, आणि तिथला निवाडा शेवटचा असतो.

गावातच मिटले, तर ते कागदावर लिहा, पंचांपुढे वाचून घ्या आणि मगच सही करा. न वाचता अंगठा देऊ नका. आणि एक सावधगिरी. समेटाच्या नावाखाली कोणी जमीनच लिहून मागेल. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीवाचून बिगर आदिवासीच्या नावे होत नाही. तसला कागद पुढे आला, तर आधी तलाठ्याला दाखवा.

दरसाल मृगापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांनी एकदा मिळून बांधावरून चालावे. दगड जागेवर आहेत ना, ते पाहावे. तासाभराचे काम आहे. कोर्टात घालवलेल्या वर्षांपुढे ते काहीच नाही.