पडद्यामागील वादकाचा अनुबोधपट

वसई रोड ते दिवा या रेल्वेमार्गावरील जूचंद्र हे गाव रांगोळीकारांचे गाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. येथील कलावंत जमिनीवर माणसाचा चेहरा असा उतरवितात की पाहणाऱ्यास ते छायाचित्रच वाटावे. परंतु प्रदर्शनाचे दिवस संपले की ती रांगोळी पुसावी लागते. छायाचित्र काढून त्याखाली कलावंताचे नाव लिहून ठेवले असेल, तरच त्या मेहनतीचा काही पुरावा मागे राहतो. ही गोष्ट जूचंद्रच्या रहिवाशांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वादकाच्या कलेची स्थिती याहून विचित्र आहे. त्याचे वादन ध्वनिमुद्रित होते, घराघरांत पोहोचते, पन्नास-साठ वर्षे ऐकले जाते. पण ते कोणी वाजविले हे मात्र ऐकणाऱ्यास ठाऊक नसते. अशा एका वादकावर, तो हयात असतानाच अनुबोधपट तयार झाला. त्या वादकाचे नाव अँथनी गोन्साल्विस. हे नाव वाचताच बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर एक चित्रपटातील पात्र उभे राहील, आणि नेमकी तीच या प्रकरणातील गंमत व खंतही आहे.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा गावी झाला. वडील चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडून संगीताचे शिक्षण देण्याची प्रथा होती आणि तेथे मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता-लिहिता येई. चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील विजयापर्यंत वसईही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती, त्यामुळे या भागातील वाचकांना अशा गायनवृंदांची कल्पना असेलच. व्हायोलिन शिकलेला हा तरुण १९४३ साली मुंबईस आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात वादक म्हणून रुजू झाला. पुढील दोन दशके त्यांनी वादक व संगीत संयोजक या नात्याने हिंदी चित्रसृष्टीत काम केले.

संगीत संयोजक म्हणजे नेमका कोण, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. त्या काळी संगीत दिग्दर्शक बहुधा पेटीवर चाल बांधीत असे. ही चाल म्हणजे गाण्याचा सांगाडा. प्रारंभीचे वादन, दोन कडव्यांमधील जागा, गायकाच्या स्वरामागून वाहणारी व्हायोलिनची साथ, बासरी कोठे यावी आणि ट्रम्पेटने कोठे गप्प बसावे, हा सारा भरणा संयोजक करी. तो प्रत्येक वाद्याचा भाग स्वतंत्रपणे कागदावर लिहून काढी. मग त्या कागदांच्या नकला वादकांपुढे मांडल्या जात आणि गायक व वादक मिळून संपूर्ण गाणे एका दमात ध्वनिमुद्रित करीत. एखाद्या व्हायोलिनवादकाचा स्वर शेवटच्या ओळीत घसरला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपले राग-ताल जाणणारे अनेक गुणी संगीतकार ही स्वरलिपी लिहीत नसत. आणि गोव्याहून आलेले वादक ती लिहिण्यात-वाचण्यात तरबेज होते. या गरजेतूनच सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, गोन्साल्विस अशी माणसे चित्रपटसंगीताच्या केंद्रस्थानी आली. श्रेयनामावलीत मात्र त्यांची जागा 'साहाय्यक' या एका शब्दापुरती, आणि पुष्कळदा तीही नाही. तबकडीवर तर ही नावे छापली जात नसत.

गोन्साल्विस यांची महत्त्वाकांक्षा एवढ्यावर थांबणारी नव्हती. आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या स्वतंत्र रचना त्यांनी लिहिल्या. १९५८ साली सुमारे ११० वादकांचा 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायले. आज या कार्यक्रमाचे स्मरण फार थोड्यांना आहे. १९६५ साली ते न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. काही वर्षांनी परतले ते थेट माजोर्ड्यास. चित्रपटसृष्टीकडे ते पुन्हा वळले नाहीत.

ट्रम्पेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा प्यारेलाल हा त्यांचा शिष्य. हाच मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील अर्धा भाग झाला. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील नायकाचे आडनाव मुळात फर्नांडिस होते. गाणे बांधताना ते आडनाव काही केल्या बसेना, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव सुचविले, असे सांगितले जाते. गाणे देशभर गाजले. ही गुरुदक्षिणा मोठीच म्हणावयाची. परंतु तिचा परिणाम उलटा झाला. नाव सर्वांच्या तोंडी बसले ते टोपी घालून नाचणाऱ्या एका विनोदी पात्राचे म्हणून. त्या नावाचा खराखुरा माणूस गोव्यात राहतो आणि त्याने या देशाच्या चित्रपटसंगीताला आकार देण्यास हातभार लावला आहे, हे लोकांच्या ध्यानीमनीही आले नाही.

चित्रपट समीक्षक अशोक राणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या संगीतकारावर अनुबोधपट तयार केला, तो २०१० च्या सुमारास. १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस यांचे निधन झाले. या दोन घटनांमध्ये अंतर किती थोडे आहे ते पाहावे. आणखी दोन-तीन वर्षे कोणी चालढकल केली असती, तर नायकाविनाच तो अनुबोधपट करावा लागला असता. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी त्याआधीच त्यांच्यावर लेख लिहिला होता, आणि संशोधक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला होता. कागदाचे मोल मोठे आहेच. तथापि व्हायोलिनवर बोटे कशी पडतात आणि जुनी गोष्ट सांगताना माणूस मध्येच कोठे थबकतो, हे चित्रफीतच दाखवू शकते.

आपल्या गावात तर कोणी असा नामवंत संगीतकार नाही, असे एखादे शिक्षक वा पंचायत सदस्य म्हणतील. त्यांनी जूचंद्रसारख्या आगरी वस्तीच्या गावातील लग्नघर आठवावे. तेथे धवलारीण लग्नविधींची गाणी म्हणते. हळदीपासून पुढे प्रत्येक विधीचे गाणे वेगळे, आणि ती सारी मुखोद्गत. मराठीतील आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा हिचे 'धवळे' तेराव्या शतकातील. महानुभाव मंडळींनी ते पोथीत जपले म्हणून सातशे वर्षांनंतरही आपण तिचे नाव घेतो. आगरी लग्नांतील या गायिकांच्या कित्येक पिढ्या मात्र नावाविना गेल्या. विधी लवकर उरकण्याची आजची घाई आणि मांडवातील ध्वनिक्षेपक यांपुढे आता गाण्यांचाही निभाव लागेनासा झाला आहे.

याच गावाच्या आसपास, नायगावच्या बाजूस, दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण चालते. कॅमेरा ही तेथे नवलाईची वस्तू नाही. शिवाय आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती नोंदीची. लग्नाच्या चित्रफितीत धवलारीण दिसते, पण तिचे नाव कोठेच नसते. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी वहीत लिहून घ्यावे : गाणाऱ्याचे किंवा वादकाचे नाव, गाव, ही कला कोणाकडून मिळाली, गाणे कोणत्या विधीचे. त्यांची संमती घ्यावी. गाणे मध्ये तोडू नये; अर्धे गाणे पुढे अभ्यासकाच्या कामास येत नाही. लग्नाच्या गडबडीपेक्षा एखाद्या निवांत दुपारी ओटीवर बसून गाऊन घेतलेले अधिक स्वच्छ ऐकू येते, आणि शब्दांचे अर्थही तेव्हाच विचारता येतात. मुद्रणाची एक प्रत त्या घरी द्यावी, एक शाळेत किंवा ग्रंथालयात ठेवावी. एवढे केले तर उद्या कोणी अनुबोधपट काढावयास आला, तर त्याला निदान कोणाच्या दारी जावे ते कळेल.

लग्नसराईत वरातीच्या बँडवर १९७७ चे ते गाणे अजूनही वाजते. क्लॅरिनेटवाल्यास चहाच्या वेळी विचारून पाहावे, की हे वाद्य तुम्हांस कोणी शिकविले. तो जे नाव सांगेल, तेही वहीत उतरवून घ्यावे.