सायकल, घाम आणि अंगावरचा कपडा

२०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका सायकलवर आडवी पार केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत! अशा लांबच्या शर्यतीत सुती सदरा कुणी घालत नाही. का, ते आज सांगतो, कारण आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी रोज सायकलनेच शाळेत जातात.

घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, तो वाळला की होतं. माठातलं पाणी गार होतं, तसंच. सुताचा धागा घाम पितो आणि धरून ठेवतो. ओला कपडा चिकटतो, मांड्यांना नि काखेत घासतो. गजकर्णाला तर अशी ओल फार मानवते. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीत नाही. खेळाच्या कपड्यात त्याचे बारीक तंतू असे विणतात, की मधल्या फटींतून घाम बाहेरच्या बाजूला येतो. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं ना, तसा. तिथे तो पसरतो आणि वाऱ्याने वाळतो.

म्हणून कुठलंही पॉलिएस्टर घेऊ नका. जाड, घट्ट विणीच्या कापडात घाम कोंडतोच. घरी असलेल्या कपड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. लगेच पसरला तर सायकलसाठी बरा. धुताना कपडे मऊ करणारं द्रावण नको, त्याचा थर तंतूंवर बसतो. कडक इस्त्रीही नको.

गणवेश तर बदलता येत नाही. मग दप्तरात एक कोरडी बनियन द्या, शाळेत पोचल्यावर बदलायला.