गॅसवरची जुनी ओम्नी परत पेट्रोलवर आणताना



आजचा मेसेज करपा किंवा फुलकिडीचा नाही. टोमॅटोची तोडणी सुरू व्हायच्या आत हा विषय मार्गी लागलेला बरा. संकलन केंद्रावर माल घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांकडे जुनी ओम्नी आहे आणि तिला एलपीजी किट आहे. किट बसवलं तेव्हा गॅस स्वस्त पडत होता, पंपही जवळ होता. आता तालुक्यातला गॅस पंप बंद झाला की पुढचा पंप तीस-चाळीस किलोमीटरवर.

हिशोब करून बघा. समजा तुमच्या टाकीत २४ लिटर गॅस बसतो आणि गाडी लिटरला १२ किलोमीटर देते. पंप ३५ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ७० किलोमीटर, म्हणजे जवळपास सहा लिटर गॅस फक्त गॅस आणायलाच गेला. टाकीचा पाव भाग! वर अर्धा दिवस गेला तो वेगळाच.

मग काही जण दुसरा रस्ता धरतात, घरातला १४.२ किलोचा सिलिंडर आणि छोटी मोटर. मागच्या हंगामात एका गाडीत टोमॅटोच्या कॅरेटखाली लाल सिलिंडर आडवा ठेवलेला मी स्वतः पाहिला. कायद्याने तो गुन्हा आहेच, पण गॅसचा स्वभाव त्याहून वाईट. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो आणि खोलगट जागेत, शेडच्या कोपऱ्यात साचून राहतो. मोटरच्या बटणाची एक ठिणगी पुरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात ओम्नीत असाच गॅस भरताना स्फोट झाला आणि माणसं गेली. म्हणून स्पष्ट सांगतो: *कंपनीच्या आवारात सिलिंडरमधून गाडीत गॅस भरायचा नाही, आणि घरीही भरू नका.* पेट्रोल थोडं महाग पडलं तरी चालेल.

आता गाडी परत पेट्रोलवर कशी आणायची. मी कृषी पदविकावाला, गॅरेजवाला नाही. पण दोन अनुभवी फिटरांसोबत बसून हे समजून घेतलंय, आणि यातलं बरंचसं तुम्हाला ठिबक आणि फवारणी पंपामुळे आधीच माहीत आहे.

*आधी आरसी बघा.* त्यावर इंधन 'पेट्रोल/एलपीजी' असेल तर पेट्रोलवर चालवायला अडचण नाही. किट काढून टाकणार असाल तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. विमा कंपनीलाही कळवा, किटचा वेगळा हप्ता भरत असाल तर तो वाचेल. आरसीवर नुसतं 'पेट्रोल' असेल आणि किट कुणीतरी परस्पर बसवलं असेल, तर ते जितक्या लवकर निघेल तितकं बरं. अपघात झालाच तर विमा अडकतो.

गॅसची टाकी स्वतः खोलू नका. आधी गाडी गॅसवर चालवून टाकी संपवा, मग किटचं काम करणाऱ्या परवानाधारक माणसाकडून मोकळ्या जागेत उतरवून घ्या. 'संपलेल्या' टाकीतही गॅसची वाफ असते. तिला गॅस कटर लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, तशीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकायची नाही. एका सभासदाने विचारलं, हवा भरायच्या कॉम्प्रेसरला ती वापरू का? नको. (ज्यांना किट ठेवायचंच आहे त्यांनी टाकीवरची तपासणीची तारीख बघावी. दर पाच वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात दाबाची तपासणी लागते. ही मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.)

गॅरेजवाले घाईत विसरतात ती गोष्ट आता. द्रवरूप गॅसची वाफ करणारा जो रेड्युसर असतो, तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. म्हणजे रेडिएटरच्या पाण्याचे दोन पाइप त्याच्यातून फिरवलेले असतात. रेड्युसर काढला की ते पाइप नीट जोडून, क्लिप आवळून, कूलंट भरून आतली हवा काढावी लागते. हे राहिलं तर पहिल्याच भरलेल्या खेपेला इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट जातं. ओम्नीचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, त्यामुळे गळती लवकर दिसतही नाही. काम झाल्यावर अर्धा तास गाडी चालवून, सीट उचलून स्वतः डोळ्यांनी बघा.

कार्बोरेटरच्या तोंडावर गॅसचा मिक्सर बसवलेला असतो. ठिबकमध्ये खत सोडायला आपण व्हेंच्युरी लावतो ना, तेच तत्त्व: तोंड अरुंद, ओढ जास्त. पेट्रोलवर मात्र तेच अरुंद तोंड हवा अडवतं आणि चढाला गाडी दम टाकते. तो काढायला सांगा. व्हॅक्युमची मोकळी राहिलेली तोंडं बंद करून घ्या, नाहीतर गाडी उभी असताना इंजिन वरखाली होत राहील. पेट्रोलच्या लाइनमध्ये किटवाल्यांनी टाकलेला विजेवरचा व्हॉल्व्हही काढून लाइन सरळ जोडायची. वायरिंगची लोंबती टोकं टेप लावून सोडू नका, मुळापासून काढा.

खरं दुखणं असतं पेट्रोलच्या टाकीत. वर्षानुवर्षं तळाशी दोन लिटर पेट्रोल ठेवलेलं, वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा, आतून गंज. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. ते सगळं काढा. फवारणीच्या पेट्रोल पंपात घालून संपवू नका, त्याचाही कार्बोरेटर बसेल. टाकी उतरवून धुवा, नवीन फिल्टर टाका आणि दोन-तीन टाक्या चालल्यावर तो परत बदला. हे काम उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून. बिडी-सिगारेट लांब. कार्बोरेटरचे जेट म्हणजे फवारणीचा नोझलच, कचऱ्याने बुजतो. आणि नोझलसारखाच तो तारेने टोकरायचा नसतो, भोक मोठं होतं.

इंजेक्शनवाल्या ओम्नीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवून गॅसवर पळवली असेल तर पंप आधी तपासा.

इथे आपलाच ऊस आडवा येतो! २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्येच थांबलं, म्हणजे या गाड्यांचे रबरी पाइप, गॅस्केट, डायफ्रॅम या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. गॅसवर राहून ते आधीच सुकलेले असतात. त्यामुळे सगळे पाइप इथेनॉल चालणारे नवीन टाका आणि कार्बोरेटरचा रिपेअर किट बदला. इथेनॉल पाणी ओढून घेतं, प्रमाण वाढलं की पाण्यासकट तळाशी वेगळं बसतं. पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट हवं आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका.

शेवटी टायमिंग. गॅससाठी ते पुढे घेतलेलं असतं. तसंच राहिलं तर पेट्रोलवर चढाला खटखट ऐकू येईल. प्लगची फटही कंपनीच्या मापाला आणा. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजते आणि टॅपेटचं अंतर कमी होत जातं. टॅपेट सेट करून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. *हे मोजमाप खर्चाला हात घालण्यापूर्वीच करा.* एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन फारच कमी निघालं आणि खालचा पत्राही सडलेला असेल, तर माझ्या मते त्या गाडीत पैसे घालू नका. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून कंपनीच्या पिकअपला माल दिला तर भाडं वाटलं जातं.

काम झाल्यावर पेट्रोलची नवी पीयूसी काढा. पहिल्या दोन खेपा अर्ध्या मालाने करा आणि किती लिटरला किती किलोमीटर गेली ते लिहून ठेवा.

आपल्या भागात किटचं काम कोण नीट करतं हे अनुभवाने माहीत असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका, मी इतरांना कळवतो. टोमॅटोच्या तोडणीचं वेळापत्रक गुरुवारी येईल.

– आपला कृषी सल्लागार