मोटारसायकलीचे वजन

उज्जैनच्या दक्षिणेस, इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नानाखेडा हा भाग आहे. येथील बसस्थानकावरून इंदूरच्या गाड्या सुटतात आणि आसपास नव्या वसाहती वाढल्या आहेत. शिंद्यांची राजधानी १८१० साली उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली. पण सारी मराठी घराणी काही तिच्यामागोमाग गेली नाहीत. त्यांतली पुष्कळ येथेच रुजली, माळवी बोलू लागली, घरात मात्र मराठीच राहिली. अशाच एखाद्या घरातील, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ श्रोत्यांनी डोळ्यांसमोर आणावेत. त्यांना नाव देण्याचे कारण नाही. असे गृहस्थ गावोगाव आहेत.

या गृहस्थांपाशी एक मोठी प्रवासी मोटारसायकल आहे. दोन सिलिंडरांची, रुंद आसनाची, गंभीर आवाजाची. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर ही ठिकाणे त्यांनी तिच्यावरून पाहिली. मागे बहुधा पत्नी असे. एका भाद्रपदात मुख्य रस्ता सोडून ते एका खेड्याच्या वाटेला लागले. चढावर थांबून त्यांनी पाय टेकला, तो काळ्या चिखलात सरकला आणि वाहन आडवे झाले. इजा झाली नाही. परंतु ते उचलता मात्र आले नाही. दोन शेतकरी येईपर्यंत अर्धा तास ते आपल्याच मोटारसायकलीकडे पाहत उभे राहिले. त्या अर्ध्या तासात त्यांच्या मनात प्रथमच विचार आला, की आता ही विकून हलके वाहन घ्यावे की हा नादच सोडावा?

हा प्रश्न आज पुष्कळांपुढे आहे. तरुणपणी वजनाचा जो भारदस्तपणा हवाहवासा वाटतो, त्याचीच पुढे धास्ती वाटू लागते. आणि बाजारात ‘ॲडव्हेंचर’ या नावाने ज्या उंच, सडसडीत मोटारसायकली आल्या आहेत, त्यांच्याकडे मन ओढ घेते. परंतु ही अदलाबदल वाटते तितकी सरळ नाही.

प्रथम वजनाचाच हिशेब पाहू. २०२३ साली विक्रीस आलेली रॉयल एन्फील्डची सुपर मीटिऑर ६५० ही मोठ्या प्रवासी जातीचे चांगले उदाहरण होय. तिचे वजन २४१ किलो, आसनाची उंची ७४० मिलिमीटर आणि पोटाखालचे अंतर १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी त्याच कारखानदाराने काढलेली हिमालयन ४५० घ्या. वजन १९६ किलो, आसन ८२५ मिलिमीटर, पोटाखालचे अंतर २३० मिलिमीटर. कागदावर ४५ किलो कमी झाले. धान्याचे एक पोतेच उतरले म्हणावयाचे!

पण वजन कागदावर उचलावयाचे नसते. मोटारसायकल सरळ उभी असताना तिचा भार चाके वाहतात, स्वाराला काहीच वाहावे लागत नाही. ती कलली की तिचा गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेबाहेर येतो आणि तेथपासून स्वाराचे काम सुरू होते. समजा, २४१ किलोच्या वाहनाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे आणि हँडल एक मीटरवर. वाहन १० अंश कलले, तर ते धरून ठेवण्यास हँडलवर सुमारे २१ किलोचा जोर लागतो. २० अंश कलले, तर ४१ किलोचा. पहिला जोर कोणीही लावील. दुसरा चिखलात एका पायावर उभे राहून लावणे कठीण. मोटारसायकल पडते ती या दोन आकड्यांच्या मधल्या क्षणी, आणि म्हणूनच ती पडताना ‘हळूच’ पडते, हे ज्यांच्यावर प्रसंग गुदरला आहे त्यांना ठाऊक असेल.

आता १९६ किलोचे वाहन घ्या. गुरुत्वमध्य तितक्याच उंचीवर असता, तर २१ च्या जागी १७ आणि ४१ च्या जागी ३४ किलो पुरले असते. परंतु हे वाहन उंच आहे. त्याचा गुरुत्वमध्य साठ सेंटिमीटरवर धरला, तर आकडे पुन्हा २० आणि ४० होतात. म्हणजे ४५ किलोंची बचत दहा सेंटिमीटर उंचीने जवळजवळ गिळून टाकली! हँडल उंच असल्याने तरफेचा थोडा लाभ परत मिळतो, तेवढाच. शिवाय आसन उंच असल्यामुळे पायाचा पूर्ण तळवा जमिनीला टेकत नाही, चवडाच टेकतो. आणि चवड्यावर उभ्या असलेल्या माणसाची शक्ती ती किती?

मग उंच वाहनाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माळव्याच्या मातीतच आहे. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. तिच्यावरून गेलेला डांबरी रस्ता दर वर्षी थोडा उठतो, थोडा खचतो. खेड्यांच्या वाटांवर तर ती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते, की चाक फिरेनासे होते. पूर्वी बैलगाड्यांचीही हीच दशा होई. अशा वाटेवर पोटाखाली वीतभर मोकळी जागा असणे, पुढचे मडगार्ड चाकापासून दूर असणे, आणि चाकाला वरखाली होण्यास पुरेशी मोकळीक असणे, या गोष्टी शोभेच्या राहत नाहीत. हिमालयन ४५० च्या दोन्ही चाकांना २०० मिलिमीटर हालचाल मिळते. सुपर मीटिऑरच्या पुढच्या चाकाला १२० आणि मागच्याला १०१ मिलिमीटर. खड्ड्याचा जो धक्का एक वाहन स्प्रिंगमध्ये जिरवते, तो दुसऱ्याच्या स्वाराच्या मणक्यात जिरतो.

पुढचे चाकही पाहण्याजोगे आहे. या जातीच्या मोटारसायकलींना बहुधा २१ किंवा १९ इंची पुढचे चाक असते. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि दगडावर सहज चढते. बैलगाडीचे चाक मोठे का असते, ते शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मात्र असे चाक वळणावर थोडे सावकाश वळते. मोठ्या प्रवासी गाडीवरून उतरलेल्या स्वाराला पहिले काही दिवस ही नवी गाडी आपले म्हणणे उशिरा ऐकते असे वाटते.

या जातीचा इतिहासही बोधप्रद आहे. पॅरिसहून डाकारला जाणारी पहिली शर्यत २६ डिसेंबर १९७८ रोजी निघाली. मोटारसायकलस्वारांत ती सिरिल नव्हू या फ्रेंच तरुणाने जिंकली, तीही ५०० सी.सी.च्या एकाच सिलिंडराच्या यामाहावर. पुढे १९८० साली बी.एम.डब्ल्यू.ने आर ८० जी/एस काढली. जर्मन भाषेत या दोन अक्षरांचा अर्थ ‘रान’ आणि ‘रस्ता’ असा आहे. रस्त्यावर लांब पल्ला आणि रानात मोकळीक, ही दोन्ही कामे एकाच वाहनाने करावीत ही कल्पना तेथून रूढ झाली. पण माणसाचा हव्यास असा, की त्याच कुळातली आर १२५० जीएस ॲडव्हेंचर पुढे २६८ किलोंवर जाऊन पोहोचली. तेव्हा ‘ॲडव्हेंचर’ म्हणजे हलकी, ही समजूत मनातून काढून टाकलेली बरी. हलके वाहन हवे असेल तर नाव न पाहता वजन पाहावे.

हिंदुस्थानात या प्रकाराला खरी चालना मिळाली ती २०१६ साली आलेल्या ४११ सी.सी.च्या पहिल्या हिमालयनने. २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आली. तिचे वजन १५४ किलो. २०२० साली पुण्याजवळ चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर आली. आणि नानाखेड्याच्या गृहस्थांना जवळचे वाटावे असे उदाहरण पीथमपूरचे आहे. इंदूरपलीकडच्या या औद्योगिक वसाहतीत पूर्वी फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर तयार होत असे; आपल्याकडे कितीतरी गृहिणी प्रथम त्या स्कूटरवर बसून घराबाहेर पडल्या. त्याच गावात आता जावा व येझदी या जुन्या नावांच्या मोटारसायकली होतात, आणि २०२२ च्या जानेवारीत तेथूनच ३३४ सी.सी.ची येझदी ॲडव्हेंचर बाहेर पडली.

इंजिनाच्या आकाराचा संबंध आता खिशाशीही आला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्यावरील मोटारसायकलींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. लहान इंजिन म्हणजे कमीपणा मानणाऱ्यांनी हा फरक एकदा रुपयांत मांडून पाहावा.

तथापि मोठी गाडी सोडताना काहीतरी सोडावे लागते, हे लपविण्यात अर्थ नाही. दोन सिलिंडरांची संथ गती जाते. एकाच सिलिंडराचे इंजिन वेग वाढला की हाताला मुंग्या आणते. इंदूरच्या रुंद रस्त्यावर समोरून वारा असताना, मागे माणूस आणि सामान घेऊन, २०० सी.सी.चे इंजिन दमते. उंच वाहनाला ट्रकच्या वाऱ्याचा झोकही अधिक बसतो. वेगाचा शोक मात्र फारसा करावयास नको. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावरही मोटारसायकलीस ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांवर तर दुचाकीस प्रवेशच नाही. मोठ्या इंजिनाची अर्धी ताकद आपल्या देशात कुलुपातच राहते.

सर्वांत मोठा प्रश्न मागच्या आसनाचा. मोठ्या गाडीचे मागचे आसन रुंद व सखल. नव्या गाडीचे अरुंद आणि उंच, त्यावर साडी नेसून चढणे जवळजवळ अशक्य. ज्या पत्नीने पंधरा वर्षे सोबत केली, तिला न विचारता हे वाहन घरी आणणारे महाभाग आहेत. पुढे ते एकटेच फिरतात आणि ‘हिला आता आवड राहिली नाही’ असे सांगतात. आवड जात नाही, जागा जाते. दुकानात दोघांनी मिळून जावे, दोघांनी बसून पाहावे. मागे बसणाऱ्याचे वजन कळले की मागच्या स्प्रिंगचा ताण त्याप्रमाणे लावून घेता येतो. ही सोय बहुतेक वाहनांत असते आणि फारच थोडे लोक ती वापरतात.

सामानाच्या बाबतीतही जुनी सवय मोडावी लागते. मागे उंचावर बसविलेल्या पेटीत २५ किलो सामान भरले आणि ती पेटी जमिनीपासून एक मीटरवर असली, तर वाहन कलताना तिचा त्रास अर्ध्या मीटरवरच्या ५० किलोंइतका होतो. कष्टाने कमी केलेले वजन असे मागच्या दाराने परत येते. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि पुढच्या अंगाला ठेवाव्यात. पेट्रोलचेही वजन असते. एका लिटरला पाऊण किलो धरले, तर सतरा लिटरची टाकी बारा-तेरा किलोंची होते, आणि ती अगदी वर असते.

टायरविषयी एक सूचना. तारांची चाके खड्ड्यात टिकतात, पण त्यांतील पुष्कळांत ट्यूब असते. पंक्चर झाले की चाक काढावे लागते. ओतीव चाकात ट्यूब नसते, पंक्चर वाटेतच काढता येते, पण जोराचा दगड लागला तर कड वाकते किंवा तडकते. रानात फारसे जावयाचे नसेल, तर ओतीव चाक बरे.

या सगळ्याचा नानाखेड्याच्या गृहस्थांच्या दृष्टीने विचार केला, तर पंचेचाळीस किलो कमी करून उंची वाढविण्यात त्यांचा फारसा लाभ नाही. भीती वजनाची असेल, तर आणखी खाली उतरावे. १५४ किलोच्या वाहनाला, गुरुत्वमध्य साठ सेंटिमीटरवर धरूनही, १० अंशांवर १६ किलोच जोर पुरतो. गोपाळ मंदिराजवळच्या गल्लीत, श्रावणी सोमवारच्या सवारीसाठी रस्ते अडविलेले असताना, वाहन मागे ढकलत वळवावे लागते, तेव्हा हा फरक दंडाला कळतो. आणि पत्नीसह लांबचा प्रवास हीच मुख्य आवड असेल, तर मोठी गाडीच ठेवावी आणि चिखलाच्या वाटा सोडून द्याव्यात. निर्णय करण्यापूर्वी दोन दिवस असे वाहन भाड्याने घेऊन पावसाळ्यातच चालवून पाहावे. हिवाळ्यात सगळीच वाहने चांगली वाटतात.

पडलेले वाहन उचलण्याची रीतही शिकून ठेवावी, कारण हलके वाहनही पडतेच. प्रथम इंजिन बंद करावे. गाडी गिअरमध्ये असावी, म्हणजे सरकत नाही. उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा, नाहीतर उचलण्याच्या भरात ती पलीकडे जाते. मग तिच्याकडे पाठ करून बसावे, एका हाताने हँडलची खालची मूठ व दुसऱ्याने मागचा दांडा धरावा, कंबर ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान लहान पावलांनी मागे सरकत उठावे. कमरेत वाकून, समोरून ओढून उचलू पाहणाऱ्यांची कंबर धरते आणि गाडी जागची हालत नाही.

जुनी गाडी विकली, तर नमुना २९ व ३० भरून नोंदणी खरेदीदाराच्या नावावर करून द्यावी. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. पैसे हातात पडले की हे काम मागे पडते. परंतु नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे. विम्यातील दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र गाडीची नसून मालकाची असते. विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर ती नव्या गाडीच्या विम्यास लागू करून घेता येते.