कृत्रिम मूळ आणि तोंडातील जंतू

जबड्यात बसविलेल्या टायटॅनियमच्या मुळाला कीड लागत नाही, म्हणून अशा दाताची काळजी नको, असे पुष्कळांना वाटते. पण सभोवतालची हिरडी जिवंतच असते! १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो यांनी निरोगी माणसांना दात घासणे थांबवावयास लावले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या; घासणे पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. दोष दातांवर साचलेल्या जंतूंच्या थराचा होता. कृत्रिम मुळाभोवतीही हेच घडते. शिवाय नैसर्गिक मुळात हिरडीचे तंतू रुजलेले असतात, धातूत ते रुजत नाहीत. त्यामुळे दाह खोलवर उतरतो व हाड झिजते. सूज परतविता येते. झिजलेले हाड सहसा परत येत नाही. तेव्हा रक्त दिसताच दंतवैद्य गाठावा.