शाबासकी केव्हा द्यावी?

पालकहो, हिंदीतून बी.एड. करताना आम्ही ‘पुनर्बलन’ शिकलो. मराठीत त्याला ‘प्रबलन’ म्हणतात. ज्या वागण्याचे चांगले फळ लगेच मिळते, ते मूल पुन्हा करते, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळतच नव्हते. त्यावरून त्यांनी तत्काळ उत्तर तपासणारे यंत्र बनवले. आपल्याला यंत्र नको, वही त्याच तासाला तपासली तरी पुष्कळ! शिक्षकांना तशी विनंती केली आहे.

घरी मात्र ‘नव्वद टक्के आण, सायकल घेऊ’ असे चालते. मार्चमधल्या सायकलीने जुलैतला अभ्यास होत नाही. आजच्या पाच गणितांना आजच ‘हातचा बरोबर घेतलास’ म्हणावे. नुसते ‘हुशार आहेस’ म्हटल्याने काय जमले ते मुलाला कळत नाही. सवय लागली की शाबासकी हळूहळू कमी करावी.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्या माँटेसरी परंपरेला शिक्षा नको, तसे बक्षीसही नको. कामातच मुलाला गोडी वाटावी. मलाही ते पटते. पण सतराच्या पाढ्याची आपणहून गोडी लागलेले मूल मी अजून पाहिलेले नाही!